घारपुऱ्यांच्या सुनेचा कॅल्क्युलस

ओकव्हिल,
११ सप्टेंबर २०१७

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

फोनवर मला आता काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुझी नणंद शीला रोज नव्या जागी ठेवते, म्हणून लिहितो. परीक्षितची ई-मेल शीलाने छापून दिली. त्यात होतं की तू तिकडच्या कुठल्याशा कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस घेतला आहेस. मी ते दोनदा वाचलं. आधी वाटलं, ईशानीने घेतला असेल.

एक्केचाळिसाव्या वर्षी हे काय काढलंस? ईशानी बारावीत आहे, तिच्या ॲडमिशनचं वर्ष. परीक्षितला डबा लागतो. फार्मसीच्या काउंटरवर तुझं बरं चाललं होतं. आणि कॉलेज तरी कुठलं? मी इथल्या युनिव्हर्सिटीत एकतीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवला. असल्या कॉलेजांतून आमच्याकडे येणाऱ्यांना अपूर्णांकांची बेरीज धड येत नसे.

असो. नाव घातलंच आहेस तर नीट ऐक. प्रत्येक असाइनमेंट बाईंना देण्याआधी मला पाठवायची. मी लाल पेनने तपासून परत पाठवीन. पोस्टाला वेळ लागतो, तेव्हा आठवडाभर आधी पूर्ण करायची सवय लावून घे. घारपुऱ्यांच्या सुनेला कॅल्क्युलसमध्ये सी मिळाला, हे मला या वयात ऐकायचं नाही. ऐकू येत नसलं तरी.

भाऊसाहेब

सरे,
२० सप्टेंबर २०१७

ती. भाऊसाहेबांना नमस्कार. आशीर्वाद पोचले, ठेवून घेतले.

परीक्षितला मी बजावलं होतं, भाऊसाहेबांना सांगू नकोस. म्हणजे तो सांगणारच, हे मला कळायला हवं होतं.

असाइनमेंट पाठवणार नाही. पहिल्याच दिवशी लिंडसेने आम्हा सगळ्यांची सही घेतली, की घरी दिलेली गणितं ज्याची त्याने सोडवायची, कुणाची मदत घ्यायची नाही. लिंडसे म्हणजे आमच्या बाई. इथे बाईंना नावानेच हाक मारतात. तुम्हाला ते आवडणार नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वर्ग सकाळी साडेआठला असतो. स्कायट्रेनने जाते, दुपारी तिथूनच कामावर. छत्तीस जण आहेत, बहुतेक ईशानीच्या वयाचे. पहिल्या आठवड्यात लिमिट झालं. मला ते अर्धवट आठवत होतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही बरंच पुढे आलो होतो. मग तुम्ही आलात.

डिसेंबर पंच्याण्णवमध्ये नागपूरला आमच्या पुढच्या खोलीत तुम्ही बसला होतात. बाबा म्हणाले, मुलीचं बीएस्सी व्हायचंय, दीड वर्ष थांबू या. तुम्ही म्हणालात, "थांबायचं कशाला? मी स्वतः प्रोफेसर आहे. हिचं शिक्षण कॅनडात पूर्ण करायची जबाबदारी माझी." बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क. प्रोफेसरांच्या शब्दावर त्यांनी कशाला शंका घ्यावी? मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मला आनंद झाला होता, हे सांगायला आज लाज वाटते. त्याला बावीस वर्षं होतील.

इथे सी-प्लस मिळालं की युनिव्हर्सिटीत गणिताच्या पदवीला जागा मिळते. पदवी झाली की मला शाळेत गणित शिकवायचं आहे. तुम्ही एकतीस वर्षांत हजारो मुलं शिकवलीत. घरातली एक राहिली.

परीक्षितचा डबा परीक्षित भरतो.

मृणालिनी

ओकव्हिल,
२ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र शीलाला दाखवलं नाही. दाखवण्यासारखं नव्हतं. सुनेने सासऱ्याला असं लिहायचं असतं, हे तुला तुझ्या आईवडिलांनी शिकवलं नसणार. म्हणजे हे इथलंच शिक्षण. तेवढं तरी पूर्ण झालं म्हणायचं.

तुला कुणी अडवलं होतं? ईशानी झाली. ती वर्षाची होते न होते तोच तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. तीन वर्षं. तेव्हा तुम्ही आमच्याकडे ओकव्हिललाच होता, घर तू सांभाळलंस, मी नाही म्हणत नाही. पण त्यात कॉलेजला जायचं कधी? तशी परिस्थितीच होती. ती मी ओढवून आणली नव्हती. जुनं असं उकरून तोंडावर मारायचं नसतं.

तरीही मी माझं कर्तव्य करतो. वेगळं पार्सल पाठवलं आहे. त्यात १९७४ पासूनच्या माझ्या नोट्स आहेत, तीनशे पानं, आणि मी स्वतः तयार केलेली चाळीस गणितं. ती गणितं तुमच्या लिंडसेलाही सुटणार नाहीत. सोडवून पाठव.

भाऊसाहेब

सरे,
१७ ऑक्टोबर २०१७

ती. भाऊसाहेबांना नमस्कार.

पार्सल न उघडता परत केलं आहे. पोचपावतीवर शीलाताईंची सही येईल.

पहिली मिडटर्म झाली. पन्नासपैकी सेहेचाळीस. वर्गात पहिली. चार मार्क कुठे गेले ते विचारू नका. ते मला माहीत आहे आणि तेवढं पुरे आहे.

सासूबाईंचा विषय तुम्ही काढलात म्हणून एकच लिहिते. त्यांना आंघोळ घालत असले की त्या माझा हात धरून म्हणायच्या, "तुझं कॉलेज राहिलं गं माझ्यापायी." मी म्हणायचे, जाईन हो नंतर. त्यांना आठवण होती. त्या घरात तेवढी त्यांनाच होती.

मृणालिनी

ओकव्हिल,
३० ऑक्टोबर २०१७

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

सेहेचाळीस म्हणजे बरे आहेत. आमच्या वेळेच्या परीक्षेत तेच पस्तीस झाले असते, पण बरे आहेत. पार्सल परत आलं. त्यावर बोलत नाही.

परवा शनिवारी मंडळाची दिवाळी होती. जुने सगळे भेटले. हृदयाचे डॉक्टर काळेले, बांधकामवाले ईश्वर पाटणकर, सगळे आपापल्या नातवंडांचं सांगत होते. मी म्हटलं, माझी सून गणितात वर्गात पहिली आली. काळेले म्हणाले, "भाऊसाहेब, शिकवणारा घरात असल्यावर येणारच." मी नाही म्हटलं नाही. काय सांगायचं होतं त्यांना?

आणखी एक. तुझ्या बाईंना मी गेल्या आठवड्यात एक पत्र टाकलं आहे. नाव आणि पत्ता शीलाने कॉलेजच्या वेबसाइटवर शोधून दिला. दचकू नकोस, शिफारसपत्र आहे. या विद्यार्थिनीच्या पाठीशी कुणीतरी आहे, हे शिकवणाऱ्याला माहीत असलेलं चांगलं. माझे वडील माझ्या प्रत्येक हेडमास्तरांची गाठ घेऊन यायचे, हातात नारळ घेऊन. "पोराकडे लक्ष असू द्या" एवढंच म्हणायचे, आणि त्याचा उपयोग व्हायचा. मी नारळ पाठवला नाही. युनिव्हर्सिटीचं जुनं लेटरहेड थोडं शिल्लक होतं, ते वापरलं.

भाऊसाहेब

सरे,
९ नोव्हेंबर २०१७

भाऊसाहेब,

या वेळी नमस्कार नाही.

काल वर्ग संपल्यावर लिंडसेने मला थांबायला सांगितलं. तिच्या टेबलावर तुमचं लेटरहेड होतं. ती म्हणाली, "मृणालिनी, डू यू नो अबाउट धिस?" आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी उभ्यानेच वाचला.

तुम्ही लिहिलंय की मी तुमची सून आणि शिष्या आहे. माझी प्रत्येक असाइनमेंट तुम्ही स्वतः तपासता आणि दुरुस्त करून देता. मिडटर्मची तयारी तुम्ही ओळ न् ओळ करून घेतलीत. सेहेचाळीस मार्क हे आमच्या दोघांच्या कष्टाचं फळ आहे, आणि म्हणून त्यांनी माझ्याकडे विशेष लक्ष पुरवावं. भाऊसाहेब, यातलं एक वाक्य तरी खरं आहे का? माझ्या असाइनमेंटचा कागद पिवळा आहे की पांढरा, हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही शिफारस म्हणून लिहिलंत. तिने तो कबुलीजबाब म्हणून वाचला, आणि तिची काय चूक? मदत घेणार नाही अशी सही करून दिलेल्या बाईचा सासरा, तोही प्रोफेसर, लेटरहेडवर लिहून देतो की सगळं मीच करून देतो. हे असं पत्र आपल्यातलाच माणूस पाठवू शकतो. तिला मी नारळाची गोष्ट सांगून पाहिली. तिला काही कळलं नाही. मी बोलता बोलता रडले. छत्तीसपैकी दोघीतिघी दारातून बघत होत्या.

कॉलेजने चौकशी लावली आहे. २३ नोव्हेंबर, सकाळी दहा. लिंडसे आणि विभागप्रमुख. मी दुसऱ्याकडून करून घेतलं असं ठरलं तर कोर्समध्ये शून्य आणि रेकॉर्डवर अप्रामाणिकपणाचा शेरा. तो शेरा वाचून मला कुठली युनिव्हर्सिटी घेईल? आणि मुलांना शिकवायला वर्गात कोण उभं करील?

मला तुमच्याकडून एक पत्र हवं आहे. त्याच लेटरहेडवर. "मृणालिनीची एकही असाइनमेंट मी पाहिलेली नाही. आधी लिहिलं ते खरं नव्हतं." एवढ्या दोन ओळी. वीस तारखेच्या आत पोचायला हव्यात. बावीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. हे मागते आहे.

मृणालिनी

ओकव्हिल,
१५ नोव्हेंबर २०१७

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

तू मागतेस ते मी देऊ शकत नाही.

मी खोटं बोललो असं स्वतःच्या हाताने लिहून देऊ? लेटरहेडवर? एका कम्युनिटी कॉलेजातल्या तिशीच्या मुलीला? माझे दोन विद्यार्थी आज डीन आहेत. गणित शिकवणाऱ्यांचं जग या देशात फार लहान आहे, असले कागद फिरत फिरत कुठेही पोचतात. वय एकोणऐंशी झालं. आता माझ्याजवळ नावाशिवाय काय आहे?

आणि खोटं तरी कसलं? मी तपासायला तयार होतो. तू पाठवलं असतंस तर प्रत्येक शब्द खरा झाला असता. नोट्स परत कुणी केल्या?

तू असं कर. सांग की सासरे म्हातारे आहेत, त्यांना आता नीट आठवत नाही, काहीबाही लिहितात. ते मला चालेल. तसं शीलाही पत्र देईल. इथल्या लोकांना म्हातारपण लगेच पटतं.

आणि एवढं करूनही कोर्स गेलाच तर पुढच्या वर्षी पुन्हा घे. बावीस वर्षं थांबलीस, त्यात आणखी एक.

भाऊसाहेब

सरे,
२५ नोव्हेंबर २०१७

भाऊसाहेब,

चौकशी झाली. तुमचं पत्र आलं नव्हतं आणि शीलाताईंचं मी घेतलं नाही. तुम्हाला आठवत नाही असं मी त्यांना सांगितलं नाही. परीक्षितचे चौथीतले मार्क तुम्ही अजून तोंडपाठ म्हणता.

परीक्षित "मी येतो बरोबर" म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू घरीच थांब, नाहीतर तूही काही शिफारस करशील. ईशानी मात्र शाळा बुडवून बाहेर बाकावर बसली होती. "मॉम, धिस इज सो मेस्ड अप" एवढंच म्हणत होती, पण बसली होती.

खोलीत एक पांढरा फळा आणि ते दोघं. विभागप्रमुख म्हणाले, आम्ही पाच गणितं देऊ, आमच्यासमोर सोडवा. वही नाही, पुस्तक नाही. पन्नास मिनिटं. पहिली तीन मी भराभर सोडवली. चौथं गणित गळक्या टाकीचं होतं. टाकी शंकूच्या आकाराची, तळातून पाणी जातंय, पातळी किती वेगाने उतरते ते काढायचं. मी अर्धा फळा भरला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी चुकले. पातळी उतरते तशी पाण्याची रुंदीही कमी होते आणि मी ती तेवढीच धरून चालले होते. मी म्हटलं, "सॉरी, धिस इज राँग," आणि सगळं पुसलं. पुन्हा पहिल्यापासून केलं. पाचव्याला सहा मिनिटं उरली होती. तेही झालं.

लिंडसे विभागप्रमुखांना म्हणाली, जे पाठ करून येतात त्यांना आपण कुठे चुकलो ते सापडत नाही. मला ते वाक्य त्या सेहेचाळीस मार्कांपेक्षा मोठं वाटलं.

मी निर्दोष ठरले. मार्क कायम, शेरा नाही. उठता उठता विभागप्रमुखांनी विचारलं, "मग तुमच्या सासऱ्यांनी असं का लिहिलं?" मला तुम्हाला खोटारडे म्हणता आलं असतं. मनात तेच होतं. पण मी खरं सांगितलं. मी म्हटलं, लग्नाच्या वेळी त्यांनी माझ्या वडिलांना शब्द दिला होता की हिला मी शिकवीन. शिकवलं नाही. आता मी शिकते आहे, तर शब्द आपण पाळला असं कुठेतरी लिहिलेलं त्यांना हवं होतं. माझं काय होईल, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. कधीच येत नाही.

मग त्यांनी फाइल बंद केली.

आता मला लिहू नका.

मृणालिनी

ओकव्हिल,
४ डिसेंबर २०१७

चि. सौ. मृणालिनीस,

लिहू नको म्हणालीस, तरी हे एक पत्र वाच. यानंतर नाही लिहिणार.

तू त्या लोकांना सांगितलंस ते बरोबर आहे, पण ते अर्धंच आहे. उरलेलं तुला माहीत नाही. शीलालाही नाही. तुझ्या सासूबाईंना कळलं होतं, आणि त्या माझ्याशी दोन महिने बोलल्या नव्हत्या.

तुझे वडील मला दर दिवाळीला पत्र लिहायचे. शेवटी एक ओळ ठरलेली असायची, "मृणालचं शिक्षण कुठवर आलं?" पहिली दोन वर्षं मी लिहिलं, चौकशी चालू आहे. मग लिहिलं, प्रवेश घेतला. तेव्हा फोन महाग, तुमचं बोलणं खुशालीपुरतंच व्हायचं. एकदा प्रवेश घेतला म्हटल्यावर दुसरं वर्ष आलं, तिसरं आलं. दोन हजार दोनमध्ये मी त्यांना कळवलं की तू बीएस्सी झालीस, पहिल्या वर्गात. त्या वेळी तू आतल्या खोलीत हिला औषध देत होतीस. मी पुढच्या खोलीत बसून ते लिहिलं. आणि लिहिलं की सासूच्या आजारपणामुळे पदवीच्या समारंभाला जाता आलं नाही, त्याचं तिला फार वाईट वाटतं, तेव्हा फोनवर तिच्याजवळ हा विषय काढू नका.

त्यांनी काढला नाही. सज्जन माणूस. मी जे सांगितलं ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

त्यांचं उत्तर मी पंधरा वर्षं कपाटात ठेवलं आहे. फाडायला हात धजला नाही आणि तुला द्यायचं धैर्य झालं नाही. सोबत पाठवतो. ते तुझं आहे.

तुझ्या बाईंना मी काही लिहिलं नाही. आता गरजही उरली नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते जमलंही नसतं.

शरदचंद्र घारपुरे

(सोबतचं पत्र)

नागपूर,
९ जून २००२

सन्माननीय भाऊसाहेबांना सादर नमस्कार.

आपलं पत्र काल मिळालं. दोनदा मी वाचलं, एकदा हिने वाचून दाखवायला लावलं. आज ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. आमचे साहेब खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "जोगळेकर, मुलगी कॅनडात ग्रॅज्युएट झाली म्हणजे काय गंमत आहे?" पुढल्या वर्षी मी निवृत्त होतो आहे. नोकरीच्या छत्तीस वर्षांत माझ्या टेबलापाशी साहेब पहिल्यांदा आले.

आपण सांगितल्याप्रमाणे मृणालजवळ विषय काढणार नाही. तिला फक्त एवढं सांगा की तिची बीएस्सीची जुनी पुस्तकं मी पेटीत जपून ठेवली होती, ती आता शेजारच्या मुलीला दिली. तिला त्यांची गरज उरली नाही म्हणून दिली.

आपण शब्द पाळलात. मी आपला जन्माचा ऋणी आहे.

आपला,
बाळ जोगळेकर

सरे,
१४ डिसेंबर २०१७

भाऊसाहेब,

बाबांचं पत्र मिळालं. ते माझ्याजवळ राहील.

दोन हजार दोननंतर बाबा दर रविवारी फोन करायचे. पाऊस, भाज्या, ईशानीचे दात, आईचे गुडघे. कॉलेजचं कधी एक अक्षर नाही. सात वर्षं मी वाट पाहिली की आज विचारतील. विचारलं तर मी सगळं सांगणार होते. त्यांनी विचारलं नाही, आणि मला वाटलं, यांनी मला देऊन टाकलं आणि विसरून गेले. मी त्यांच्यावर रागावले होते. रविवारी मी दोन-दोन मिनिटांत फोन ठेवून द्यायचे. दोन हजार नऊमध्ये ते गेले, तेव्हाही मी रागातच होते. मी नीट रडलेसुद्धा नाही.

माझं शिक्षण तुम्ही बुडवलंत, ते मी भरून काढीन. माझे बाबा तुम्ही मला भरून देऊ शकत नाही. याला माफी नाही. तुम्ही मागितलेली नाही, तेवढं बरं केलंत. मागूही नका.

काल फायनल झाली. पेपर चांगला गेला. जानेवारीत पुढचा कोर्स आहे, नाव घातलं आहे. मग युनिव्हर्सिटी. काम सांभाळून पाच-सहा वर्षं लागतील. लिंडसे म्हणाली, मध्ये दमलात तर एखादी टर्म सोडायला हरकत नाही. मी तिला म्हटलं, माझ्या बाबतीत तसं चालणार नाही. पेढे वाटून झालेत. पदवी तेवढी घ्यायची राहिली आहे.

मृणालिनी जोगळेकर